एकोणिसावी ओळ

बँकेचा उतारा वाचायची तिची एक पद्धत होती. आधी चहा पिऊन घ्यायचा, कप धुऊन पालथा घालायचा, ओटा कोरडा करायचा आणि मगच कागद पसरायचा. एका ओळीखाली पट्टी ठेवायची आणि ती ओळ पुरती संपल्याशिवाय पट्टी खाली सरकवायची नाही. अक्षरं ती अडतिसाव्या वर्षी शिकली, लेकीच्या फाटक्या पहिल्या पुस्तकावरून. त्यामुळे भराभर वाचणं तिला जमत नव्हतं, आणि जमवून घ्यायचंही नव्हतं. भराभर वाचणाऱ्यांच्या ओळी सुटतात. तिची आजवर एकही सुटली नव्हती.

काम तिचं रफूचं. लाँड्रीत खिडकीशी बसायचं, कोटाला पडलेलं भोक, साडीला बसलेली खोच, पडद्याला लागलेली झळ, सगळं त्याच कापडाच्या धाग्यानं भरून काढायचं. रफू उत्तम झालं तर ते कोणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याचं कौतुकही कोणी करत नाही. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. न दिसता जगायचं असंच तिनं ठरवलं होतं, सहा वर्षांपूर्वी.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेला होता. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं दहा वर्षांच्या लेकीचा हात धरला, दोन पिशव्या उचलल्या आणि ती निघाली. तेव्हा ती त्याला ‘हे’ म्हणायची. बसमध्ये बसल्यावर पहिल्यांदा तिच्या मनात ‘तो’ आलं आणि तिचं तिलाच दचकायला झालं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तेव्हापासून सरळ होत नाहीत. त्या बोटांवर दार कोणी लावलं होतं आणि कशासाठी, ते ती लेकीशीसुद्धा बोलत नाही. चौकीत जाऊन सांगितलं होतं. लिहून घेतलं त्यांनी. नवरा-बायकोचं आहे, म्हणाले, थंड डोक्यानं घ्या.

त्याचा निरोप मात्र आला होता, जुन्या शेजारणीकडून. “तिला म्हणावं, तू जा कुठं जायचं तिथं. पोरगी माझी आहे. ती मी नेणार. नेली की तुला दिसायचीसुद्धा नाही.”

तर बँकेतलं खातं दोघांच्या नावावर होतं आणि कार्ड त्याच्या खिशात. शहाणीसुरती बाई असती तर तिनं पहिल्याच आठवड्यात खातं बंद केलं असतं. हिनं केलं नाही. हिच्या लक्षात आलं की तो डिझेल भरतो, टायर बदलतो, लॉजवर झोपतो, त्या प्रत्येक ठिकाणचं नाव महिनाअखेरीला कागदावर येतं. चरायला सोडलेल्या बैलाच्या गळ्यात घंटा असली की तो डोळ्यांआड गेला तरी कुठं आहे ते कळतं. हे कार्ड म्हणजे त्याच्या गळ्यातली घंटा होती. ती वाजती राहावी म्हणून ती दर महिन्याला त्या खात्यात थोडे पैसे टाकायची. फार नाहीत. त्यानं दुसरं खातं उघडू नये इतपत. सहा वर्षं ती त्याला लांब राहण्याचा पगार देत होती म्हणा ना. गावांची नावं तिला पाठ झाली होती. एकाही गावाला ती गेली नव्हती, पण कुठलं गाव किती तासांवर ते तिला बस कंडक्टरपेक्षा चांगलं ठाऊक होतं. चौदा तास. अकरा तास. एकदा सहा तास, तेव्हा आठवडाभर घास उतरला नव्हता.

त्या शुक्रवारी सकाळी लेक झोपलेली होती. तिनं ओटा कोरडा केला आणि कागद पसरला. अठरा ओळी नेहमीच्या. डिझेल, लॉज, डिझेल, टायरवाला. सतरावी नऊ तासांवरची. अठरावी चार तासांवरची. तिनं पट्टी दाबून धरली. मग खाली सरकवली.

एकोणिसावी ओळ तीस तारखेची होती. ‘दक्ष फूड्स अँड कंपनी’. एकशे पंचेचाळीस. बस्स. गावाचं नाव नाही.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. कागद उलटा करून पाहिला, जणू गाव मागच्या बाजूला सांडलं असेल. फूड्स म्हणजे खाण्याचं काहीतरी, हे तिला कळत होतं. असलं नाव तिनं ना कधी वाचलं होतं, ना कोणाच्या तोंडून ऐकलं होतं.

“आई, सकाळी सकाळी कोणाचं पत्र?” साळू दारात उभी होती. खरं नाव वेगळं, पण झोपेतून उठली की केस साळिंदराच्या काट्यांसारखे उभे असायचे, म्हणून आईनंच ते नाव ठेवलं होतं.

“लाइटबिल.”

“लाइटबिल बघून कोणी असं पांढरं पडतं का?”

“तू दिवे घालवत नाहीस म्हणून पडते. जा, तोंड धू.”

दुपारच्या सुट्टीत ती बँकेत गेली. ही जवळची शाखा, लाँड्रीपासून दहा मिनिटांवर. पूर्वी ती दोन तास बसनं जाऊन लांबच्या शाखेत पैसे भरायची, उताराही तिथूनच आणायची. चार महिन्यांपूर्वी तिचा घोटा मुरगळला. जवळच्या शाखेतली चष्मेवाली पोरगी म्हणाली, मावशी, कशाला एवढी वणवण, बँक एकच असते, इथेच भरत जा. तेव्हापासून ती इथेच भरायची. कालसुद्धा इथेच भरले होते आणि उतारा नेला होता.

चष्मेवालीनं ओळ पाहिली आणि हसली. “अहो मावशी, घाबरायचं नाही यात. लोक रोज येतात असं घेऊन. परवा एकजण बायकोशी भांडून आला होता, अशाच एका नावावरून. काय होतं, हॉटेलच्या पाटीवर एक नाव असतं आणि कंपनीच्या कागदांवर दुसरं. पैसे कंपनीच्या नावावर जातात. म्हणून उताऱ्यात तेच येतं.”

“म्हणजे पाटी वेगळी?”

“वेगळी. थांबा, पत्ता काढते.” तिनं बटणं दाबली. “दक्ष फूड्स… हां. हे तर आपल्याच इथलं आहे. नाव आहे निळी खिडकी. तुमच्या लाँड्रीच्या समोरच की. तुम्हीच जेवला असाल आणि विसरला असाल!”

ती काउंटरला धरून उभी राहिली.

निळी खिडकी. रस्त्याच्या पलीकडे, बारा पावलांवर. तिच्या कामाच्या टेबलावरून मान वर केली की समोर तीच दिसायची. गडद निळी काच, खालपासून वरपर्यंत. आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आपलंच तोंड. ती रोज त्या काचेत स्वतःला बघून केस सारखे करायची आणि घरी निघायची.

“मावशी? पाणी देऊ का?”

“गेल्या महिन्याचं आणि ह्या महिन्याचं एकत्र काढून दे,” ती म्हणाली. “आजपर्यंतचं. आणि वेळ कळते का? किती वाजता ते?”

“कळते. खातं तुमच्याही नावावर आहे ना, देते.” यंत्रानं कागद बाहेर टाकला. चष्मेवाली आता हसत नव्हती.

तिनं पट्टी आणली नव्हती. बोट ठेवून वाचलं.

सोमवार, तीस तारीख. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं.
मंगळवार. सहा वाजून पाच.
बुधवार. सहा वाजून एक.
गुरुवार. पाच पन्नास.
शुक्रवार, म्हणजे आज. सकाळी नऊ दहा.

बरोबर सहाला ती लाँड्रीतून निघायची. सहा वर्षांत घड्याळ चुकलं असेल, ती नाही. सोमवारी ती गेल्यावरही तो वीस मिनिटं बसून होता. नुसतं बघितलं त्यानं. मंगळवारी ती गल्लीत वळेपर्यंत थांबून उठला. बुधवारी ती उठली आणि तो उठला. बुधवारी ती सरळ घरी गेली नव्हती, साळूच्या वह्या घ्यायला बाजाराच्या गर्दीत शिरली होती. तिथे तो चुकला असावा. म्हणून काल आधीच पैसे देऊन तयार राहिला होता, दहा मिनिटं आधी. आणि काल नेमकी ती नाट्यगृहाचे पडदे पोचवायला मालकाच्या व्हॅनमधून मागच्या दारानं गेली होती. समोरून ती निघालीच नाही. आज सकाळी नऊला ती कामावर येते की नाही, ते बघायला तो नाश्त्याला आला. ती आली होती. काचेत बघून तिनं केसही सारखे केले होते.

घर त्याला अजून सापडलं नव्हतं. साळू अजून सापडली नव्हती. आज संध्याकाळी सापडली असती.

“पण त्याला कसं कळलं?” ती स्वतःशीच पुटपुटली. “गाव एवढं मोठं. त्याला कसं कळलं?”

चष्मेवालीनं खालमानेनं कागद स्वतःकडे ओढला आणि एका ओळीवर पेन टेकवलं. “मावशी, उतारा त्यांनाही दिसतो. मोबाइलवर. तुम्ही पैसे भरता ना, तेव्हा इथे लिहून येतं. रोख जमा, शाखा क्रमांक सतरा. पूर्वी दुसरी शाखा यायची. चार महिने झाले, आमची येते.” तिचा आवाज बारीक झाला. “मीच म्हटलं होतं तुम्हाला, इथे भरा.”

रांगेतला कोणीतरी खाकरला. सहा वर्षं तिनं त्याची घंटा ऐकली. आपल्या गळ्यातही एक आहे, हे तिला कधी सुचलंच नाही. आणि रफूवाली लाँड्रीतच असणार हे तर त्याला ठाऊक होतंच. शाखेच्या आसपास अशा लाँड्र्या असून असून किती असणार?

“कार्ड बंद करून टाकू?” चष्मेवाली म्हणाली. “आत्ता. एका मिनिटाचं काम आहे.”

“नको.”

“मावशी!”

“आत्ता नको,” ती म्हणाली. का नको ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. पण कापड आधी हातात घेऊन बघायचं, मग कात्री लावायची, ही सवय हाडात मुरलेली. “नंतर करायचं झालं तर?”

चष्मेवालीनं एक नंबर लिहून दिला. “ह्यावर फोन करा, केव्हाही. लागलीच बंद होतं. आणि चौकीत जा.”

“जाऊन आलेय,” ती म्हणाली. “एकदा.”

परत येताना तिनं मागची गल्ली धरली. लाँड्रीच्या मागच्या दारानं आत आली तेव्हा मालक बॉयलरपाशी उभे राहून कोणाच्या तरी पॅंटचे खिसे उलटे करत होते.

“रफूबाई, आज चोरासारख्या मागून? उधारी झाली का समोरच्या गल्लीत?” मालक गमत्या माणूस. पाच माणसांत सहावं बोलणं त्यांचंच. मग त्यांनी तिचं तोंड बघितलं आणि पॅंट खाली ठेवली. “काय झालं?”

तिच्या टेबलावर निळ्या खिडकीचे टेबलक्लॉथ येऊन पडले होते. रोज दुपारी तिथला टकलू वेटर आदल्या दिवशीचे मळके घेऊन यायचा आणि धुतलेले घेऊन जायचा. आजही आला होता, आणि इस्त्रीच्या उबेला बसून चहा पीत होता.

“ताई, आज परत एक बिघडलाय,” वेटर म्हणाला. “खिडकीजवळच्या टेबलाचा. काय माणसं असतात बघा. चाकूनं कातरतात.”

तिनं कापड उलगडलं. कडेला, एका ओळीत, नखाएवढ्या चार फुल्या कापलेल्या होत्या. सुबक. चाकूच्या टोकानं, एक आडवा काप, एक उभा.

मंगळवारी एक फुली होती, ती तिनंच भरली होती. बुधवारी दोन. काल तीन. गिऱ्हाइकांना चाळे सुचतात, असं म्हणून तिनं सुई ओवली होती. तिच्या हातांना तेव्हाच काहीतरी कळलं होतं, कारण बोटं दोनदा थांबली होती. पण हात जे ओळखतात ते डोक्यापर्यंत पोचायला कधी कधी वेळ लागतो. त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर मेणकापड होतं, आणि तिला यायला उशीर झाला की तो चाकूचं टोक घेऊन बसायचा. “मोजतोय,” म्हणायचा, अगदी शांतपणे. चार फुल्यांपर्यंत तो नुसता मोजायचा. पाचवी फुली तिनं कधी पाहिली नव्हती. पाचवीच्या वेळी ती दाराशी असायची.

“चार चमचे साखर घेतो का हो तो?” तिनं विचारलं. “काळ्या कॉफीत?”

वेटरनं कप खाली ठेवला. “तुम्हाला कसं ठाऊक?”

“आणि बिलाच्या कागदाची सुरनळी करून बोटाला गुंडाळतो.”

“करतो की! अंगठी करतो आणि बशीत ठेवून जातो. ताई, कोण आहे तो?”

तेव्हा तिनं सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, कापडाकडे बघत, उभ्या उभ्या. फार वेळ लागला नाही. मालकांनी मधे एकही विनोद केला नाही, आणि ते बघून तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

“आज पाचला येतो म्हणालाय,” वेटर म्हणाला. “टेबल धरून ठेवा म्हणाला. आज शेवटचं, म्हणाला, मग लांबची फेरी आहे, सोबत माणूस आहे.”

सोबत माणूस. तो माणूस म्हणजे साळू, हे तिघांनाही एकमेकांना सांगावं लागलं नाही.

“मी जाऊन त्याला दोन ठेवून देतो,” मालक म्हणाले.

“आणि मग? तुम्हाला दुकान आहे, मालक. तो रात्री परत येईल. तो येतोच.” तिनं चौथ्या फुलीवर अंगठा ठेवला. “मला त्याला मारायचं नाहीये. मला फक्त तो एका जागी बसलेला हवाय. अर्धा तास.”

वेटरनं टकलावरून हात फिरवला. “अर्धा तास बसवायचा असेल तर… आमच्याकडे एक रीत आहे. कार्ड चाललं नाही आणि रोख नसली तर आमचा शेट गिऱ्हाइकाला सोडत नाही. गाडीची चावी काढून गल्ल्यात टाकतो आणि म्हणतो, जा, पैसे घेऊन या. दोनदा बुडवलंय त्याला लोकांनी, तेव्हापासून. आणि हा माणूस रोख देतच नाही कधी.”

कार्ड आत्ता नको, असं आपण बँकेत का म्हणालो ते तिला आता कळलं.

मालकांनी साळूच्या टायपिंगच्या क्लासमध्ये फोन केला. साळूला व्हॅननं घरी नेलं, दोन पिशव्या भरायला लावल्या आणि साडेचारला मागच्या दारानं आणून आत घातलं. साळू तणतणतच आली. सोळा वर्षांच्या पोरीला न सांगता उचलून आणलं की ती तणतणणारच. आईनं उतारा लेकीच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. पैशांचंसुद्धा.

साळूनं जमा रकमांवरून बोट फिरवलं.

“तू त्याला पैसे देत होतीस?”

“देत नव्हते. ठेवत होते.”

“दोन वर्षं मी एकच बूट घालतेय, आई. तळाला पुठ्ठा घालून. आणि तू त्याचं डिझेल भरत होतीस?”

“तो कुठं आहे ते कळायला हवं होतं.”

“मग कळलं ना आता!” साळूच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि तिनं ते रागानं पुसलं. “मला का नाही सांगितलंस? मी वाचायला शिकवलं तुला. मी! हे वाचायला?”

“हो,” ती म्हणाली. “हेच वाचायला. तुझ्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं म्हणून.”

साळूनं आईच्या वाकड्या बोटांकडे बघितलं. मग तिनं मोबाइल काढला. “नंबर दे.”

मालकांची बहीण पाच तासांवरच्या गावात लाँड्री चालवायची. रफूवाली हवीच आहे म्हणून तिचं टुमणं कधीचं होतं. साडेसहाची बस होती. मालकांनी व्हॅन मागच्या दाराला लावली आणि वरून धुतलेल्या पडद्यांचे गठ्ठे रचून आत दोन माणसांपुरती पोकळी ठेवली.

पाच वाजून चार मिनिटांनी समोरचं दार उघडून मिटलं. तिनं मान वर केली नाही. तिनं खिडकीशी बसून, रोजच्यासारखी, सुई चालू ठेवली. तिनं तिथे दिसायला हवं होतं. पाठीमागे गठ्ठ्याच्या आड साळू फोन कानाला लावून बसली होती आणि फोनमध्ये वाट पाहण्याचं ते गोडगोड संगीत वाजत होतं. रस्त्यापलीकडे निळ्या काचेत तिला तिचंच तोंड दिसत होतं, टेबल, दिवा, हातातली सुई. त्या तोंडाच्या मागे कुठेतरी त्याचं तोंड होतं. ती चौथी फुली भरत होती. टाका वर, टाका खाली. धागा तुटला नाही याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

साडेपाच. पाच चाळीस.

“बाई लागली,” साळू कुजबुजली. “कार्डाचा नंबर दिला. तुझं नाव, जन्मतारीख सांगितली. म्हणतेय, बंद करू का?”

“थांब म्हण.”

“आई, ती ठेवून देईल.”

“बोलत राहा. काहीही विचार.”

आणि सोळा वर्षांच्या त्या पोरीनं बँकेच्या बाईला नवीन कार्ड किती दिवसांत येतं, कोणत्या रंगाचं येतं, पोस्टानं येतं की माणूस आणून देतो, असले प्रश्न असे काही विचारले की एरवी आईनं कपाळावर हात मारला असता.

पाच त्रेपन्नला टकलू वेटर बाहेर पायरीवर आला आणि त्यानं एक टेबलक्लॉथ झटकला. एकदा. दोनदा. ठरलेली खूण. नवऱ्यानं बिल मागितलं होतं.

“आता,” ती म्हणाली.

“बंद करा,” साळू फोनमध्ये म्हणाली.

तिनं सुई कापडात तशीच टोचून ठेवली. दिवा चालू ठेवला, आपली शाल खुर्चीच्या पाठीवर ठेवली, बाई आत कुठं गेली असेल, येईलच, असं वाटावं म्हणून. मग ती उठली. मागच्या दारापर्यंत नऊ पावलं होती. तिला ती नव्वद वाटली.

व्हॅन मागच्या गल्लीतून निघून कोपऱ्यावर आली तेव्हा पडद्यांच्या फटीतून निळ्या खिडकीचं उघडं दार दिसलं. शेट दारात आडवा उभा होता, हात पसरून. त्याच्यामागं, आत, तिचा नवरा. सहा वर्षांत केस विरळ झाले होते, खांदे तेवढेच रुंद. ओरडत नव्हता. तो ओरडायचा नाहीच कधी. तो शेटशी बोलतही नव्हता. शेटच्या खांद्यावरून तो लाँड्रीच्या खिडकीकडे बघत होता. दिव्याकडे, शालीकडे, रिकाम्या खुर्चीकडे. मग सावकाश त्यानं मान फिरवली, आणि रस्त्यावर जे जे होतं ते एकेक करून बघायला लागला.

साळूनं आईचं डोकं खाली दाबलं. व्हॅन वळली.

बस वेळेवर सुटली. खिडकीची जागा साळूला दिली, मग बाहेरून दिसेल म्हणून उठवलं आणि आतली दिली. तासाभरानं साळू आईच्या खांद्यावर कलंडली, झोपेत केस उभे. झोपायच्या आधी म्हणाली, “गेलं, आई. आता तो तुला कधी नाही शोधू शकणार. कार्ड मेलं, आणि पैसेही आता भरायचे नाहीत.”

“हो,” ती म्हणाली.

तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. बोट ठेवून शेवटून वाचत गेली, वर, आणखी वर. नऊ दहा. पाच पन्नास. सहा एक. मग ते अनोळखी नाव, जे आता अनोळखी नव्हतं. त्याच्यावर चार तास, नऊ तास, अकरा तास, चौदा तास. सहा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिला कळायचं, आज तो कुठं आहे. पुढच्या महिन्यात कागद येणार नव्हता. त्याच्यापुढच्याही नाही. घंटा तिनं स्वतःच्या हातानं काढली होती, त्याच्या गळ्यातलीही आणि आपल्याही. आता तिला तो ऐकू येणार नव्हता.

आणि वेटरनं सांगितलेलं एक वाक्य तिच्या डोक्यात राहिलं होतं. चावी गल्ल्यात ठेवून शेट गिऱ्हाइकाला म्हणतो, जा, पैसे घेऊन या. म्हणजे ट्रक अडकला होता. माणूस पायांवर मोकळा होता.

बस एका थांब्यावर थांबली. दार उघडलं. एक बाई चढली, तिच्या मागून एक म्हातारा, काठी टेकत. मग कोणी चढलं नाही, पण ड्रायव्हरनं दार लगेच मिटलं नाही. तो आरशात बघत होता, कोणी धावत येतंय का म्हणून.

तिनं साळूचं डोकं अलगद खांद्यावरून खाली, कुशीत घेतलं. वाकडी बोटं जमतील तितकी मिटली आणि ती त्या उघड्या दाराकडे बघत बसली.